पट्टीचे जीर्णोद्धारक

माणसं जमिनीवरून भांडतात, पाण्यावरून भांडतात. आमच्या तळकोकणात तर शेजाऱ्याच्या कुंपणावर वाकलेल्या फणसाच्या एका फांदीपायी तीन-तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. पण अडीच फूट लांब आणि करंगळीएवढ्या रुंद अशा एका लोखंडी पट्टीवर रेघा आडव्या असाव्यात, चौकटीच्या असाव्यात की नागमोडी असाव्यात, एवढ्या मुद्द्यावरून ज्या घरात दोन महिने अबोला चालला, असं घर आमच्या पंचक्रोशीत आमचंच. त्या भांडणात एका पक्षाचा पुढारी मी होतो. (त्या पक्षात दुसरं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) आता भांडण मिटलं आहे. तरीही माझी बाजू इथं मांडतो, कारण घरात ती कोणी पुरती ऐकून घेतली नाही. बोलायला सुरुवात केली की कुणीतरी चहा टाकायला उठायचं.

पट्टी आमच्या आजोबांच्या बंदुकीची. बंदूक म्हटल्यावर वाचकांनी दचकू नये. बारा बोअरची, बर्मिंगहॅमची, म्हातारी दुनळी आहे ती. आजोबांमागून परवाना वडिलांकडे आला, वडिलांमागून दादाकडे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा कारभार आटोपला. पुढे तिला दोनच कामं उरली. एक, भात पिकायला आलं की रात्री-बेरात्री हवेत एखादा बार काढून रानडुकरांची झोपमोड करणं. आणि दुसरं, निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा होणं आणि निकालानंतर परत येणं. आमच्या घरात प्रत्येक निवडणुकीला न चुकता बाहेर पडणारी अशी ती एकटीच. मी स्वतः ती आयुष्यात एकदाच उडवली, तीही वडील मागे उभे असताना. बार उडाला तेव्हा दोन वस्तू जमिनीवर आल्या : एक शहाळं आणि एक मी. पैकी शहाळ्यावर मी नेम धरलेला नव्हता.

कोकणातला पाऊस चार महिने बाहेर पडतो आणि उरलेले आठ महिने घरात मुक्काम करतो. या मुक्कामात त्यानं बंदुकीच्या नळ्यांवर तांबूस बुरशीसारखा गंज चढवला, आणि गेल्या दिवाळीत सगळे जमलेले असताना दादानं जाहीर केलं, "हिचा जीर्णोद्धार करायचा."

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा काळ्या दगडाच्या खांबांना गुलाबी ऑइलपेंट लागला आणि टाकी मारून खरबरीत ठेवलेल्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसल्या. पहिल्याच एकादशीला त्या टाइल्सवरून आमचे गुरव घसरले ते थेट देवाच्या पायाशी. लोक म्हणाले, केवढी भक्ती! आपल्याकडे जुन्याचं नवं करायचं म्हणजे ते चकाकवायचं, अशी एक ठाम समजूत आहे. मग ते देऊळ असो, पितळी समई असो नाहीतर सासऱ्यांचा साठावा वाढदिवस असो.

"मस्त बफ मारून घेऊ," दादा म्हणाला. "नळ्या, पट्टी, सगळं आरशासारखं. नंतर निकेल चढवू. दिवाणखान्यात लावली की बघत राहतील लोक."

इथं वाचकांना पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. दुनळीच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यामधल्या खाचेवर, वरच्या अंगाला, एक लांब पट्टी कथलाच्या झाळीनं बसवलेली असते. तशीच एक खालूनही. इंग्रजांनी तिला नाव दिलं रिब, म्हणजे बरगडी. बसते मात्र कण्याच्या जागी. शरीरशास्त्रात ते लोक कच्चे असावेत. वरच्या पट्टीच्या पुढच्या टोकाला एक पितळी मणी असतो, तिला आपल्याकडे माशी म्हणतात. बंदूक खांद्याला लावली की डोळ्यापुढून ही पट्टी रस्त्यासारखी सरळ जाते आणि माशीपाशी संपते. 'पट्टीचा नेमबाज' या शब्दप्रयोगाचा या पट्टीशी संबंध आहे की नाही, हे भाषातज्ज्ञांनी ठरवावं. पण नेमबाजाचा तिच्याशी असतो एवढं नक्की.

आता हा रस्ता आरशासारखा गुळगुळीत केला तर काय होईल? जुलै महिन्यात खाचरात पाणी भरलेलं असताना संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून उभे राहा. डोळ्यांत नुसती चांदी ओतल्यासारखं होतं. बांध दिसत नाही, बैल दिसत नाही, त्यामागचा माणूसही दिसत नाही. तेच खाचर कोरडं असताना नांगरून ठेवा; सूर्य तोच, जागा तीच, पण डोळ्यांना काही त्रास नाही. ढेकळांनी आणि तासांनी उजेडाचे तुकडे करून चारी दिशांना फेकून दिलेले असतात आणि प्रत्येक तासात थोडी सावली साठलेली असते. बंदुकीच्या पट्टीवर ज्या बारीक आडव्या रेघा कोरतात, त्या याच कामासाठी. एका इंचात वीस, तीस, चाळीस अशा हिशेबानं रेघा पाडणाऱ्या खास कानशी असतात. रेघा आडव्याच हव्यात; उभ्या काढल्या तर उजेड पन्हळीतल्या पाण्यासारखा सरळ वाहत डोळ्यांत येतो आणि माशी त्यात बुडून मरते.

हे सगळं मी दिवाळीच्या फराळाच्या वेळी समजावून सांगत होतो. दोन चकल्या संपेपर्यंत कोणालाच काही कळलं नाही. मग स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "म्हणजे पाट्याला टाकी लावतात तसंच ना रे?"

अगदी तसंच! ज्या पिढीनं मिक्सरशिवाय दुसरं काही पाहिलं नाही तिला सांगतो : पूर्वी दुपारच्या वेळी "टाकीऽऽवाली" अशी आरोळी देत एक बाई यायची आणि गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यावर छिन्नीनं ठोके मारून तो पुन्हा खरबरीत करून द्यायची. गुळगुळीत पाटा दिसायला सुंदर. पण त्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती इकडून तिकडे हिंडते. माझं सगळं तत्त्वज्ञान आईनं एका वाक्यात मांडलं आणि ती करंज्या तळायला परत गेली.

पण मूळ भांडण इथून पुढे लागलं. पट्टी गुळगुळीत नको, हे दादानं नाइलाजानं कबूल केलं. मग टाकी कोणती? आणि या प्रश्नावर आमच्या भावोजींनी तोंड उघडलं. भावोजींना या जगातल्या प्रत्येक विषयातलं थोडंथोडं कळतं, आणि ते थोडं ते पुरेपूर सांगतात.

"चौकट घ्या," ते म्हणाले. "शंकरपाळ्यासारखी. तिरप्या रेघांवर तिरप्या रेघा. फार खानदानी दिसते. नाहीतर नागमोडी घ्या. अमेरिकेत कारखान्यांतून यंत्रावर तशा काढत."

"काका, हे बघा," म्हणून पुतण्यानं मोबाइल पुढे केला. "लेझरनं काहीही काढून मिळतं. आपण पट्टीवर पळणारा वाघ काढू. आणि खाली पणजोबांचं नाव."

बघता बघता पक्ष पडले. दादा नागमोडीच्या बाजूला, कारण ती लांबून दिसते. वहिनी शंकरपाळ्याच्या बाजूला. त्या वेळी त्यांच्यापुढे शंकरपाळ्यांचा डबा होता, हेही एक कारण असेल. पुतण्या वाघाकडे. आणि मी म्हणालो, "होती तीच."

"होती ती कुठली?" दादा म्हणाला. "गंजाखाली काही दिसतंय का?"

"गंज काढल्यावर दिसेल."

"आणि नाही दिसली तर?"

या 'तर'पासून अबोला सुरू झाला.

आता माझा युक्तिवाद. वाचक शहाणे आहेत आणि त्यांना मध्येच चहा टाकायला उठायचं नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

ही नक्षी जगातली एकमेव अशी नक्षी असेल की जी दिसू नये म्हणून काढतात. उडतं पाखरू टिपणारा पट्टीकडे बघतच नाही. त्याची नजर पाखरावर असते. पट्टी त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून नुसती जाणवते. जाणवावी, पण लक्ष वेधू नये, एवढंच तिचं काम. चांगल्या घरातल्या जुन्या गड्यासारखं. पाणी वेळेवर आलं, पण आणलं कोणी ते आठवत नाही. अशा पट्टीवर पळता वाघ काढणं म्हणजे त्या गड्याला बँडवाल्याचा पोशाख घालणं. नेमाच्या वेळी समोर डुक्कर पळणार आणि पट्टीवर वाघ. माणसानं बघायचं कोणाकडे? नागमोडीची गोष्ट तशी नाही. तीही उजेड मोडते, प्रामाणिकपणे मोडते. पण ती ज्या बंदुकांवर जन्मली त्यांच्यावर शोभते. आजोबांच्या धोतराला इलॅस्टिक लावलं तर ते सोयीचं होईल, यात वाद नाही. पण ते आजोबांचं धोतर राहील का?

भावोजींनी माझ्यावर एक तोफ डागली होती, तिचा उल्लेख न करणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणाले, "अहो, लंडनच्या उत्तमातल्या उत्तम बंदुकांची पट्टी कित्येकदा गुळगुळीतच असते. तुमचा सिद्धान्त तिथं कुठे गेला?"

मुद्दा खरा आहे. इंग्रजी शिकारी दुनळ्यांवर पुष्कळदा गुळगुळीत पट्टी असते. पण ती अंतर्गोल असते, दोन नळ्यांच्या मध्ये पन्हळीसारखी खोल बसलेली, त्यामुळे नजर तिच्या वरून निघून जाते. सपाट आणि उंच पट्टी आली की तिथंही कानस लागते. कबुतरांच्या नेमबाजीच्या बंदुकांवर अशा कोरलेल्या सपाट पट्ट्या असत. रॉबर्ट चर्चिल नावाच्या लंडनच्या बंदूकवाल्यानं १९२०च्या दशकात पंचवीस इंची आखूड नळ्या काढल्या, तेव्हा त्यांच्यावर अरुंद, उंच, निमुळती होत जाणारी पट्टी बसवली. का, तर आखूड नळी डोळ्याला लांब वाटावी. म्हणजे ही माणसं पट्टीच्या आकाराचा विचार डोळ्यापासून सुरू करत, दिवाणखान्यापासून नव्हे. आणि दुसरं असं की, लंडनचा सूर्य हा एक सभ्य, भिडस्त गृहस्थ आहे. तो येण्यापूर्वी परवानगी मागतो आणि बहुधा ती मिळत नाही. आमच्याकडचा सूर्य मे महिन्यात सरळ घरात घुसतो. आमची पट्टी सपाट, आमचा सूर्य असा. तेव्हा भावोजी, तुमची तोफ चांगली होती, पण तोंड दुसरीकडे होतं.

अखेर दादा आणि मी, एकमेकांशी न बोलता, एकाच एसटीनं घाटावरच्या एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. घरच्या घरी कानस चालवायची नव्हती, हे एका दृष्टीनं बरंच झालं. १९५९चा शस्त्र कायदा बंदूक दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करू देत नाही. मिस्त्री सत्तरीचे होते. त्यांनी बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहिला, नळ्या टांगून बोटाच्या पेरानं वाजवल्या, कान देऊन ऐकल्या आणि म्हणाले, "झाळ शाबूत आहे. आवाज घंटेसारखा येतो."

दादानं बफचा विषय काढला. मिस्त्रींनी भिंग पुढे केलं. "साहेब, हे बघा. पट्टीवर कारखानदाराचं नाव आहे. नळ्यांखाली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे आहेत." प्रूफ हाउस म्हणजे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती फुटते का ते पाहणारी आणि न फुटल्यास ठसा देणारी संस्था, बर्मिंगहॅमची १८१३ सालच्या कायद्यानं सुरू झाली. "बफ मारला की नाव गेलं, ठसे गेले. आणि बंदुकीवरचं नाव, नंबर, खूण पुसणं हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे. कलम आठ. मी म्हातारा माणूस, मला तुरुंगात पाठवू नका."

दादानं माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"मग निदान गरम हौदात बुडवून काळी तरी करा. लवकर होतं म्हणतात."

"एकनळीला चालतं ते. दुनळीची पट्टी कथलानं बसवलेली. कॉस्टिक कथील खातं. आत शिरलं की बाहेर येत नाही. आज झगझगीत दिसेल, पुढे पट्टीच्या कडेनं गंज डोकावेल आणि एक दिवस पट्टीच हातात येईल. हिला जुन्या पद्धतीनंच काळं करायला हवं. औषध लावून गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात धरायची, तांबडा गंज काळा होतो, तो तारेच्या ब्रशानं पुसायचा. मग पुन्हा तेच. सहा-सात वेळा."

या कृतीचा पहिला अर्धा भाग कोकणात निसर्ग फुकट करून देतो, असं मी म्हणालो. मिस्त्री हसले. दादाही हसला, पण दुसरीकडे बघून.

आणि नक्षी? मिस्त्रींनी तेल लावून, बोरूसारख्या लाकडी पट्टीनं हळूहळू गंज सोडवला. मग मी लहानपणी कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचो तशी पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. पट्टीच्या मध्यावर, वीत-दीड वीत लांब, कागदावर रेघा उठल्या. आडव्या, सरळ, केसासारख्या बारीक. फूटपट्टी लावून मोजल्या, इंचाला चाळीस. ना शंकरपाळा, ना नागमोड, ना वाघ. मी तो कागद दादाच्या पुढे अशा काही तोऱ्यानं धरला की जणू त्या रेघा मीच काढल्या होत्या.

पण चापाकडच्या बाजूला, नळ्या जिथून सुरू होतात तिथं, चार बोटं लांब तुकड्यावर पेन्सिल नुसतीच घसरली. तिथं नक्षी साफ गेली होती. बाकी पट्टीवर आहे आणि इथंच का नाही, हे मिस्त्रींनाही सांगता येईना. "गंजानं गेलेलं नाही," ते म्हणाले. "कशानं तरी झिजलंय. मऊ कशानं तरी. हवं तर तेवढं पुन्हा कोरून देतो, बाकीच्याशी मिळतं. कोणाला कळणार नाही."

कागद घेऊन आम्ही घरी आलो. जेवणं झाल्यावर तो आईला दाखवला. चश्मा लावून तिनं बराच वेळ पाहिला आणि त्या कोऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "मामंजी बंदूक अशी न्यायचे," म्हणून तिनं उलथनं उचललं आणि उजव्या खांद्यावर उताणं टाकलं. चाप आभाळाकडे, पट्टी खांद्यावर. "शेताकडे जाताना, येताना. रोज. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचा उजवा खांदा विरायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम दिलं ते त्या खांद्यांना ठिगळं लावायचं. किती लावली असतील! मला वाटायचं, मेली बंदूक कापड खाते." मग कागदाकडे पुन्हा बघून म्हणाली, "म्हणजे कापडानंही तिला खाल्लंच की."

कोणी काही बोललं नाही. दादा उठून ओटीवर गेला.

वाचकहो, आता माझी पंचाईत बघा. दोन महिने मी ज्या सिद्धान्तासाठी भांडलो त्याप्रमाणे तो तुकडा पुन्हा कोरायलाच हवा. डोळ्यापुढचं लोखंड चकाकता कामा नये, हे मीच सांगत होतो. 'होती तीच' ही घोषणाही माझीच, आणि होत्या त्या रेघाच. पण त्या चार बोटांच्या जागेवर कानस चालवायची म्हणजे आजोबा शेतावर जितक्या वेळा गेले आणि आले, तेवढं सगळं खरवडून टाकायचं. मी ओटीवर गेलो. दादाच बोलला, "तेवढं राहू दे रे."

"चकाकेल ते," मी म्हणालो. सवय वाईट.

"नाही चकाकणार. काळं करताना तोही काळा होईल. मिस्त्रींना मी विचारून आलोय."

म्हणजे हा गृहस्थ मला न सांगता मिस्त्रींशी बोलला होता! मीही विचारलं होतं, त्याला न सांगता. मिस्त्रींनी दोघांनाही एकच उत्तर दिलं होतं : बफ न मारता गंजाच्या पद्धतीनं काळं केलेलं लोखंड मुळातच मंद असतं, एवढ्याशा तुकड्यानं डोळे दिपणार नाहीत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्यानं पहिला प्रश्न 'काय छान दिसेल?' हा विचारू नये. 'हे इथं कशासाठी होतं?' हा विचारावा. त्याचं उत्तर मिळालं की नक्षी निवडावी लागत नाही. ती आधीच निवडलेली असते. आणि दुसरा प्रश्न, 'हे इथं का उरलं नाही?' काही वेळा त्याचं उत्तर गंज असतं, तेव्हा बेलाशक कानस चालवावी. काही वेळा ते उत्तर खांदा असतं. तेव्हा कानस खिशात ठेवावी.

बंदूक महिन्याभरानं परत आली. मध्यावरच्या रेघांवरची घाण गेली होती, जिथं त्या बुजल्या होत्या तिथं मिस्त्रींनी चाळिसाच्या हिशेबानं हलक्या हातानं उठवल्या होत्या, कारखानदाराचं नाव वाचता येत होतं, आणि चापाकडची चार बोटं होती तशीच गुळगुळीत, काळी, मंद. भावोजी मुद्दाम बघायला आले. उलटसुलट करून, उजेडात धरून त्यांनी ती पाहिली आणि खिन्नपणे म्हणाले, "एवढे पैसे घालून हिला केलंत काय तुम्ही? काहीच केलेलं दिसत नाही."

इतकी मोठी शाबासकी मला आजवर कोणी दिली नव्हती. तीही भावोजींकडून. मी स्वतः उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.